माकडं मोजणारा माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ एलादिओ कामाचो गेली एकतीस वर्षं माकडं मोजतो. नव्या माणसाला वाटतं मी टिंगल करतेय, पण त्याच्या नेमणुकीच्या कागदावरही हेच लिहिलंय. सकाळी सातला धक्क्यावरून बोट सुटते, वीस मिनिटांत समोरच्या बेटाला लागते, आणि मग हा गडी दिवसभर एक हजार चारशे माकडांमधून हिंडत कोण दिसलं, कोण दिसलं नाही, कोण कुणाशेजारी बसलं होतं ते लिहीत राहतो. बेटावर माणसांची वस्ती नाही. माकडं मूळची हिंदुस्थानातली. आमच्या आजोबांच्या काळात कुणी शास्त्रज्ञानं बोटीत भरून आणली आणि इथं सोडली. तेव्हापासून जगभरचे शिकलेले लोक माणूस मुळात कसा आहे ते बघायला आमच्या गावाला येतात. माणूस बघायला माकडांकडे का जायचं, हे मी पुष्कळांना विचारलं. माझ्या टपरीवर दोन तास बसले असते तर बोटीचा हेलपाटा वाचला असता.

टपरी धक्क्याला लागूनच आहे. खाऱ्या माशाची पातळ कुरकुरीत भजी, खेकडा भरून तळलेले वडे आणि कॉफी. गावात मला सगळे दोन्या मिगदालिया म्हणतात, म्हणजे मिगदालियाबाई. एलादिओ मिगी म्हणतो, आणि मी त्याला अजून ‘नेने’ म्हणते, म्हणजे बाळ. तो सत्तावन्न वर्षांचा झालाय, पण त्याला इलाज नाही.

शाळेत त्याचं काही जमलं नाही. पण एकदा पाहिलेला चेहरा तो कधी विसरायचा नाही, आणि कोण कुणाचं कोण लागतं हे त्याला गावातल्या म्हाताऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. बेटावर हाच गुण कामाला आला. प्रत्येक माकडाच्या कानाला खाच असते, छातीवर तीन अक्षरं गोंदलेली असतात. बाकीचे लोक दुर्बीण लावून ती अक्षरं वाचतात. एलादिओ पाठमोरं माकड बघून सांगतो, “ही त्या लंगडीची नात. परवापासून मावशीवर रुसलीय.” तिथं बायकांचं राज्य आहे. आईचा जो मान, तोच मुलीचा. खाण्याच्या कुंडापाशी सगळ्यांना फटके मारून आधी स्वतः बसणारी एक थोराड माकडीण होती. कागदावर तिची तीन अक्षरं असायची, पण एलादिओ आपसात तिला ‘मिगदालिया’ म्हणायचा. मला हे सहा वर्षांनी एका विद्यार्थिनीकडून कळलं. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, “कशी आहे ती?”

“तिच्या आधी कुंडाला हात लावायची अजून कुणाची छाती नाही,” तो म्हणाला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

बेटावर जेवायचं ते पिंजऱ्यात बसून. म्हणजे माणसं आत, जाळी लावून, आणि माकडं बाहेर बसून त्यांच्या डब्यांकडे बघतायत. पण पहिला नियम जेवणाचा नाही, डोळ्यांचा. माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘ये, होऊन जाऊ दे’ असा होतो. बोलायचं, चालायचं, लिहायचं ते खाली किंवा बाजूला बघत. आणि चुकून एखाद्या रागावलेल्या आईशी नजर भिडलीच, तर ओठ भराभर उघडमीट करून चप्-चप् असा हलका आवाज काढायचा. म्हणजे तिला कळतं, की बाई, माझं चुकलं, मी तुमच्यापुढे कुणी नाही.

आता एकतीस वर्षं माणूस दिवसातले आठ तास असा वागला, तर ते अंगात मुरणारच. एलादिओ माणसांशीही तसाच बोलतो. तुमच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी. लग्नात तो पाद्र्याच्या बुटांकडे इतका वेळ बघत होता, की पाद्र्यानं विधी थांबवून विचारलं, “बाळा, तू स्वखुशीनं करतोयस ना?” आम्हा गावकऱ्यांना सवय झालीय. बाहेरच्याला मात्र वाटतं, या माणसानं कुठं तरी काही तरी करून ठेवलंय.

बेटावर येणाऱ्या शिकलेल्यांपैकी दोघं माझी कायमची गिऱ्हाइकं. एक डॉक्टर वेंडेल. उत्तरेचे, उंच, शिडशिडीत, तोंडावर कायम आंबट भाव. दुसरी डॉक्टर लिसांद्रा. आमच्याच राजधानीची, मोठ्यानं हसणारी, भेटली की गळ्यात पडणारी. ती एलादिओच्या मुलीची, यारेलिसची गॉडमदर आहे, म्हणजे एलादिओची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. हे नातं आमच्याकडे रक्ताच्या वर धरतात. एकदा कोम्पाद्रे झालं की अरे-तुरे बंद, नावानं हाक मारणं बंद, आणि भांडण तर बंदच.

दोघं संध्याकाळी बोटीतून उतरायची आणि वाद घालत टपरीवर यायची.

“दोन्या मिगदालिया, तुम्हीच सांगा,” डॉक्टर वेंडेल म्हणायचे. “माणूस म्हणजे काय? दात. बाकीचं सगळं वरून गुंडाळलेलं. जागा थोडी आणि बसणारे फार झाले, की ज्याचे दात मोठे तो बसतो. बाकीचे मुकाट्यानं उठतात.”

“आणि ते दात असलेलं पोर वाढवलं कुणी?” लिसांद्रा टेबलावर थाप मारायची. “एकट्या आईच्यानं पोर जगतं का? मावश्या लागतात, आज्या लागतात. आपण सोबतीनं राहिलो म्हणून टिकलो, डॉक्टर. एकमेकांच्या डोक्यातल्या उवा काढल्या म्हणून!”

“काढते ती उद्या आपल्याही कुणी काढाव्यात म्हणून.”

“मग काढू देत की! बिघडलं काय?”

“माझ्या टपरीवर उवांचं नाव काढू नका,” मी म्हणायची. “गिऱ्हाईक पळतं.”

मला एक गंमत दिसायची. ताटलीत शेवटचं भजं उरलं, की ‘सगळे स्वार्थी’ म्हणणारे वेंडेल त्याला हात लावायचे नाहीत. आणि वाटून खाण्यावर बोलता बोलता लिसांद्रा ते कधी तोंडात टाकायची, तिलाही कळायचं नाही. मी हे कुणाला बोलले नाही. दोघंही पैसे वेळेवर द्यायची.

मग ती एलादिओला मध्ये ओढायची. “कोम्पाद्रे, तुम्ही रोज बघता. कोण बरोबर?”

“मी फक्त मोजतो,” एलादिओ कॉफीच्या कपाशी बोलायचा.

“काही तरी मत असेलच की.”

“सकाळी डॉक्टर बरोबर वाटतात. जेवण झालं की तुम्ही.”

असं बरं चाललं होतं. मग ते मोठं वादळ आलं. गावातल्या निम्म्या घरांची छपरं गेली, त्यात एलादिओचंही. माझी टपरी दोन गल्ल्या पलीकडे जाऊन पडली. आणि तिसऱ्या दिवशी बघते तर हा गडी होडी समुद्रात ढकलतोय.

“नेने, डोक्यावर छप्पर नाही आणि निघालास कुठे?”

“मोजायला.”

“आधी बायकोला मोज! ती बघ, ताडपत्री धरून उभी आहे!”

गेलाच. बेटावर एक पान उरलं नव्हतं. झाडं म्हणजे नुसत्या काठ्या. भर दुपारी सावली म्हणून काय, तर पाण्याच्या टाकीची. कचेरी वाहून गेलेली, वह्या वाहून गेलेल्या. म्हणून माझे भजी निथळायचे तपकिरी कागद घेऊन गेला आणि सहा आठवडे रोज त्यांच्यावर पेन्सिलीनं लिहीत राहिला. बेटावर जायला तेव्हा बंदी होती. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, “त्यांना कुणी तरी बघायला नको का?”

त्या कागदांवर होतं ते असं. एरवी एकमेकांना फाडून खाणारी घराणी त्या टाकीच्या सावलीत एका ओळीत बसत होती. सावली सरकली की ओळ सरकायची. मारामाऱ्या वाढण्याऐवजी कमी झाल्या होत्या. लिसांद्रा राजधानीहून परतली, तिनं ते कागद वाचले आणि माझ्या भावाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तिनं त्यावर मोठा निबंध लिहिला, तो जगभर गाजला. डॉक्टर वेंडेल मात्र कॉफी अर्धी टाकून उठले.

दोन वर्षांनी तक्रार आली. दूरच्या कुणा विद्वानानं लिहिलं, की बंदीच्या काळात बेटावर माणूस जाणंच शक्य नव्हतं. मग हे तेलकट कागद नंतर घरी बसून रचलेले असणार. तीन जणांची चौकशी समिती नेमली. कागद खोटे ठरले तर एलादिओची नोकरी जाणार होती, पण त्याला धसका त्याचा नव्हता. “ते खोटे ठरले तर सगळी एकतीस वर्षं खोटी धरतील, मिगी,” तो म्हणाला. “मग मी आजवर केलं काय?” त्या आठवड्यात त्याची पँट कमरेला सैल झाली.

चौकशी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. मी मागच्या बाकावर थर्मास घेऊन बसले. मध्ये अध्यक्षबाई होत्या. जाड चष्मा, कोरलेल्या भुवया, आणि समोरच्याला टक लावून बघायची सवय.

“कामाचो, हे कागद तुम्ही त्या-त्या दिवशी बेटावर लिहिलेत?”

“हो, बाई,” एलादिओ पाण्याच्या ग्लासाला म्हणाला.

“माझ्याकडे बघून सांगा.”

“हो, बाई,” तो टेबलाच्या पायाला म्हणाला.

“खरं बोलणाऱ्यानं नजर चोरायचं कारण काय? वर बघा!”

बिचाऱ्यानं मान वर केली. अध्यक्षबाईंचे डोळे चष्म्यातून थेट त्याच्या डोळ्यांत, भुवया ताणलेल्या. आणि माझ्या भावाच्या ओठांवर एकतीस वर्षं आली. चप्-चप्-चप्.

हॉलमध्ये मागे कुणी तरी खिदळलं. अध्यक्षबाई कानापर्यंत लाल झाल्या. “हे काय चालवलंय तुम्ही?” त्या ओरडल्या, आणि तो आणखी घाबरून दुप्पट वेगानं चप्-चप् करायला लागला. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला हसूही येत होतं आणि रडूही.

मग लिसांद्राला बोलावलं. मी मनात म्हटलं, आता सुटलो. ही एक वाक्य बोलली की पुरे. तिनं आधी बरोबर आणलेल्या आपल्या वकिलाकडे पाहिलं.

“या माणसाच्या प्रामाणिकपणाची तुम्ही खात्री देता का?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“त्या आठवड्यांत मी बेटावर नव्हते,” लिसांद्रा म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. “मला कागद मिळाले. मी ते विश्वासानं वापरले. काही दोष असलाच तर तो गोळा करणाऱ्याच्या पातळीवर असेल.”

एलादिओनं मान उचलली नाही. पण त्याचा हात टेबलावर होता, तो त्यानं खाली मांडीवर घेतला. मी लिसांद्राला हजारो कप कॉफी पाजलीय. त्या क्षणी थर्मास फेकून मारावासा वाटला.

शेवटी डॉक्टर वेंडेल. मला त्यांच्याकडून काही आशा नव्हती. कागद खोटे ठरले तर ‘दात, दात’ करत त्यांनी जन्मभर लिहिलेलं सगळं शाबूत राहणार होतं. ते उठले, खिशातून एक काळी वही काढली आणि टेबलावर आपटली.

“वादळानंतरच्या पाचव्या आठवड्यात मी बेटावर गेलो होतो. चोरून. शेजारच्या गावातल्या कोळ्याला गाठून, मागच्या बाजूनं. कामाचोची चूक पकडायला.” त्यांनी वही उघडून पुढे सरकवली. “चार दिवस मीही मोजलं. माझे आकडे आणि त्याचे आकडे तेच आहेत. माझ्या पुस्तकाची वाट लागली असती, म्हणून ही वही दोन वर्षं खणात ठेवली.”

समितीनं वही आणि तपकिरी कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यातल्या एका सदस्यानं एक कागद उजेडाकडे धरून वाचला आणि तो खोकायला लागला. वेंडेल पोचले त्याच तारखेला एलादिओनं लिहिलं होतं: ‘मागच्या टेकडीवर एक परका नर. उंच, म्हातारा, टोपी घातलेला. कळप त्याला घाबरत नाही.’

“आणि बाई,” वेंडेल म्हणाले, “तो तुमच्याकडे बघत नाही म्हणून तुम्ही त्याला खोटा धरलंत. त्या बेटावर एवढी वर्षं काढलेला माणूस जर टक लावून बघायला लागला, तर मी म्हणेन हा कधी बेटावर गेलाच नाही. त्यानं जे ओठांनी केलं, त्याचा अर्थ तो तुमची माफी मागत होता. मला त्यानं ती कधी मागितली नाही.”

एलादिओ निर्दोष सुटला. गावानं त्याला खांद्यावर घेतलं नाही इतकंच. दुसऱ्या दिवशी मी वेंडेलपुढे गरम भज्यांची ताटली ठेवली, तर ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “उपकार वगैरे समजू नका. ती वही खरी ठरावी म्हणून बोललो. निव्वळ स्वार्थ.”

“आणि दोन वर्षं दडवलीत ती?”

“तोही स्वार्थच.”

“वा! म्हणजे तुमचं शास्त्र कधी हरतच नाही म्हणा की!”

लिसांद्राचाही फोन आला. “दोन्या मिगदालिया, माझ्या हाताखाली आठ जणं आहेत. मी बुडाले असते तर सगळ्यांचं काम बुडालं असतं. सगळ्यांचा विचार करावा लागतो.” तिचंही शास्त्र जिंकलं होतं. मी फोन ठेवून दिला, आणि या बाईला पुन्हा माझ्या टपरीवर पाय ठेवू द्यायचा नाही असं ठरवलं.

एलादिओ त्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, “डॉक्टर चोरून आले त्याचं मला काही नाही. पण कोमाद्रे मला ‘गोळा करणारा’ म्हणाल्या, मिगी.” आणि रडला. सत्तावन्न वर्षांचा माणूस. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लिसांद्राला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की पाद्र्यापुढे त्या सांगायला मला दोन रविवार लागले.

पुढच्या सोमवारपासून लिसांद्राची गाडी धक्क्यावर यायला लागली. यायची, उभी राहायची, पण ती उतरायची नाही. काच वर, हात चाकावर. बोट सुटायची, ती तशीच बसून राहायची आणि दुपारी निघून जायची. मी टपरीतून बघायची आणि मला बरं वाटायचं. बस म्हणावं, शिजत बस उन्हात.

नवव्या दिवशी एलादिओनं बोट चुकवली. मुद्दाम. बोटवाल्याला हात दाखवून ‘जा’ म्हणाला, टोपी काढली, गाडीपाशी गेला, पलीकडचं दार उघडून आत बसला आणि दार लावून घेतलं. अर्धा तास दोघं समोरच्या समुद्राकडे बघत बसली. तोंडं हलताना मला दिसली नाहीत. मग तो उतरला आणि माझ्याकडे कॉफी मागायला आला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“काही नाही.”

“माफी तरी मागितली?”

“नाही.”

“आणि तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

माझा पारा चढला. “मग मेल्या, गेलास कशाला? तुला भर चौकशीत तोंडघशी पाडणारी बाई ती! तिचा कोण पुळका आला तुला?”

एलादिओ माझ्या बटणाशी बोलला नाही. तो गाडीकडे बघत होता. “मला एकच काम येतं, मिगी. कोण कुणाशेजारी बसलंय ते बघायचं. रोज धक्क्यावर आलो की दिसायचं: कोमाद्रे, एकटी. दुसऱ्या दिवशी, एकटी. नऊ दिवस तेच. मला आणखी एकदा तसं लिहायचं धैर्य झालं नाही.”

मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. झारा हातात होता, तो खाली ठेवला, एप्रनला हात पुसले आणि उन्हातून चालत गाडीपाशी गेले. लिसांद्रानं काच खाली केली. तिचे डोळे सुजले होते. दहा दिवस घोकलेली शिवी ओठांवर होती. ती गिळायला मला जरा वेळ लागला.

“उतर आता,” मी म्हटलं. “तेल तापलंय.”